मांडीवरची अर्धशिशी

“…मग माझा कोणता नेम चुकला, बाबा?”

हेरंबाने आपल्या गुरूंना, आत्मगिरींना, हे विचारले तेव्हा त्याचा आवाज नम्र होता. मान मात्र ताठ होती.

मठात त्याच्याइतके कडक नेम दुसरा शिष्य पाळत नसे. तरीही अर्धशिशी त्याला सोडत नव्हती. वैद्यांनी नाकात औषधी तूप सोडून पाहिले, कपाळाला सुंठीचा लेप दिला, सूर्योदयापूर्वी दूध-जिलेबीही खायला लावली. दुखणे काही दिवस दबे आणि पुन्हा उजव्या भुवईवर येऊन बसे.

आता त्याला मठ सोडून डोंगरातल्या गुहेत राहायचे होते. त्यासाठी तो आज्ञा मागायला आला होता.

“गुहेत औषध आहे का रे?”

“एकांत आहे. तिथे माझे दुखणे कोणाला दिसणार नाही.”

“इथे दिसतं?”

“नाही. मी कधी दिसू दिले नाही.”

हे सांगताना त्याला किंचित अभिमान वाटला असावा.

आत्मगिरी त्याच्याकडे पाहत राहिले… त्याच्या उजव्या डोळ्यातून पाणी गळत होते.

ते उठले. खिडकी लावली, उदबत्ती विझवली, पंचा भिजवून पिळला. मग भिंतीला टेकून मांडी घालून बसले.

“ये. डोकं ठेव इथे.”

हेरंब मागे सरला. गुरूंचे पाय शिष्याने चेपावेत, ही मठाची रीत. शिष्याचे डोके गुरूंनी चेपल्याचे त्याने कधी ऐकलेही नव्हते. हे पाप माझ्या माथी नको, असे तो हात जोडून विनवू लागला.

“माथ्यात आधीच पुष्कळ आहे. ये.”

तो आला…

कपाळावर ओला पंचा, पंच्यावर बाबांचा खरखरीत तळवा. मध्येच त्याला उलटी झाली. बाबांनी तस्त पुढे धरले. त्याने लाजून तोंड फिरवले, तर तस्तही तिकडे फिरले.

दुपार कलली. कळ पुरती गेली नव्हती. पण डोळे उघडता येत होते. वर पाहिले, तर बाबांचे ओठ हलत होते.

“बाबा, हा कोणता मंत्र? मलाही द्यावा. गुहेत उपयोगी पडेल.”

“मंत्र कसला, बाळा. पाय बधिर झालाय. मघापासून आई गं, आई गं म्हणतोय.”

हेरंब धडपडत उठला. बाबा आपली पोटरी चोळत हसत होते. त्याने तो पाय हलकेच आपल्या मांडीवर घेतला आणि चेपू लागला…

बऱ्याच वेळाने, मान खाली घालून, त्याने विचारले, “इथेच राहिलो… आणि ही कळ पुन्हा उठली, तर मी काय करावे?”

“हाक मार.”