पुलावरची शीग

फार पूर्वी एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्यं होती. अलीकडे तांदूळ पिकायचा, पलीकडे मीठ. मधल्या पुलावर जकातीचा नाका होता.

एकदा दोन्ही राजांच्या मनात आलं, आता ही जकात नको. करार लिहायला घेतला: तांदळाच्या एका मापाला मिठाचं एक माप, मध्ये अडवणूक कसली नाही. गावोगाव साखर वाटली.

अलीकडच्या कोठारावर एक मापारी होता. पहिल्या मापाला तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. आणि प्रत्येक माप शीग लावून भरे, म्हणजे काठाच्या वर तांदळाचा छोटासा डोंगर. त्यातून सांडलेले दाणे एक निराधार म्हातारी झाडून नेई. तिची चूल त्यावरच पेटे.

पलीकडचे लोक मात्र मापावरून काठी फिरवून सपाट मीठ देत. लबाडी नव्हती हो, त्यांची रीतच तशी.

कराराला शिक्का लागण्याआधी मापारी प्रधानांकडे गेला. "माप म्हणजे शिगेचं की सपाट, तेवढं लिहून घ्या, प्रधानजी."

प्रधान हसले. "मूठभर दाण्यांसाठी पाहुण्यांसमोर काठी फिरवू? शोभा होईल आपली."

"दाणे मूठभर, पण मापं हजारो आहेत."

"तू मापं मोज. करार आम्ही बघतो."

मापारी घरी परतला. शिक्का लागला.

तीन सुग्या गेल्या आणि कोठाराचा तळ दिसू लागला. प्रधान घाईने पुलावर गेले. "आता आम्हीही सपाट देऊ," म्हणाले.

पलीकडचे शांतपणे म्हणाले, "तीन वर्षं तुम्ही शिगेचं दिलंत. आमच्या लेखी माप तेच. नसेल द्यायचं, तर मीठ थांबेल."

मिठावाचून चालणार कसं? हुकूम निघाला: पुलावर पलीकडच्यांना शीग, कोठारावर घरच्या माणसांना काठी.

मापाऱ्याने आपल्याच लोकांच्या मापांवर काठी फिरवली. एक दाणा सांडला नाही. म्हातारी केरसुणी घेऊन दिवसभर बसून राहिली.

"हात आखडला का रे बाबा?"

"हात नाही, आजी. जीभ आखडली होती. एकदाच बोललो आणि घरी आलो."

असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी मापाऱ्याने माप उचललं, पण 'लाभ' काही तोंडातून निघेना. "एक," तो म्हणाला.

म्हातारी उठली. देवापुढे ठेवायला पदराच्या गाठीत चिमूटभर तांदूळ राखले होते, ते तिने त्या सपाट मापावर ठेवले.

"लाभ म्हण, बाबा. देवाला मी नुसते हात जोडीन."

तो म्हणाला. मग त्याने पुढचं माप उचललं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली नाही. कोठाराच्या दारात केरसुणी तेवढी टेकून ठेवलेली होती.

तात्पर्य: दारापुढे मन मोठं करताना घरात कोणाच्या तोंडचा घास जातो, ते आधी बघावं. आणि ज्याला कळत असेल त्याने शिक्का लागायच्या आधी पुन्हा पुन्हा बोलावं. देव ही बुद्धी सगळ्यांना वेळेवर देवो.