हर्णखोलची दुसरी दुपार

हर्णखोल बंदरात दसऱ्यानंतरच्या पहिल्या बुधवारी लोक दुपारचे दोनदा जेवतात. एकदा सगळं जग जेवतं तेव्हा, आणि पुन्हा एकदा उन्हं उतरल्यावर. दुसऱ्या जेवणालाही 'दुपारचं'च म्हणायचं असतं. चुकून कोणी 'संध्याकाळचं' म्हणालं, तर घरातलं म्हातारं माणूस डोळे वटारतं. नव्या पाहुण्याला हा सगळा खुळेपणा वाटतो, आणि तसं तो बोलूनही दाखवतो. मग त्याला झेंड्याच्या टेकडीवर नेतात, तिथल्या गंजक्या तोफेवर हात ठेवायला लावतात आणि रायाजी कीराची हकिकत ऐकवतात.

गोऱ्या साहेबाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. या टेकडीवरून रोज बाराच्या ठोक्याला तोफ उडे. बंदरात नांगरून पडलेल्या बोटी तिच्यावर आपली घड्याळं लावून घेत. भर समुद्रात आपण कुठे आहोत हे कप्तानाला घड्याळावरूनच ताडावं लागे. घड्याळ चुकलं की बोट खडकावर गेलीच म्हणून समजा. त्यामुळे रायाजी कीराला तोफेवर नेमताना बंदरसाहेबाने त्याला वेतोबाच्या देवळात उभं केलं आणि शपथ घ्यायला लावली, असं सांगतात. बारा सोडून तोफ उडवायची नाही. रायाजीने ती शपथ जिवापाड जपली. अंगात ताप असो की घरात लग्न, तोफ वेळेवर उडायचीच. हळूहळू सारा गाव तोफेच्या तालावर चालू लागला. तोफ झाली की कचेरीतले कारकून लेखण्या टाकत, शाळा सुटे आणि घरोघरी पानं वाढली जात.

गाबितांच्या मात्र ती तोफ डोळ्यांत सलत असे. गाबीत म्हणजे इथले मासेमार. तोफेच्या आवाजाने मासा पळतो, अशी त्यांची पक्की समजूत. जाळं रिकामं आलं की शिव्या रायाजीला. शेवटी त्यांच्या पंचांनी ठराव केला, की तोफवाल्याला मासा विकायचा नाही. झालं! समुद्राच्या काठावर जन्मलेला रायाजी रोज कुळथाची पिठी ओरपू लागला. एकदा न राहवून तो बाजारात आवडाबाय तांडेलणीच्या पाटीपुढे जाऊन उभा राहिला. आवडाबाय जिभेची तिखट. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "धूर खा जा तुझ्या तोफेचो! बांगडो कित्याक होयो तुका?" बाजार खो खो हसला. रायाजी मान खाली घालून घरी आला. ते हसू त्याला फार लागलं होतं.

आणि मग तो बुधवार आला. गाबितांच्या होड्या पहाटेच बाहेर पडल्या होत्या. बाराची तोफ झाली, गाव जेवून आडवा झाला, आणि डोंगराकडून आभाळ काळं होत आलं. पाऊस असा कोसळू लागला की हाकेच्या अंतरावरचं झाड दिसेना. आता बंदराच्या तोंडाशी दातऱ्या नावाचं खडप, म्हणजे काठापासून पाण्यात गेलेली खडकांची रांग, आहे. त्याच्या दोन सुळक्यांमधून होडी जाईल एवढीच वाट, आणि ती वाट धरायची तर टेकडीवरच्या झेंड्यावर नजर ठेवून यावं लागतं. त्या दिवशी झेंडा राहू दे, टेकडीच पुसली गेली होती.

रायाजी तोफेजवळच्या खोपीत बसला होता. दुसऱ्या दिवशीच्या तोफेची दारू साहेब आदल्या दुपारी कोठारातून मोजून देई. तेवढा एकच बार त्याच्याजवळ होता. इतक्यात पावसातून बायकांचा घोळका टेकडी चढून वर आला. पुढे आवडाबाय.

"रायाजी, तोफ उडव."

"बारा कधीच वाजून गेले, आवडाबाय."

"माझे दोनय झील भायर आसत रे! तेंका डोंगर दिसणा नाय, पण आवाज तरी आयकाक येतलो."

'आता माशे पळूचे नाय?' हे शब्द रायाजीच्या अगदी जिभेवर आले होते, म्हणे. कोणाच्या आले नसते? पण त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते गिळून टाकले. एकीकडे वेतोबाची शपथ, बापापासून चालत आलेली नोकरी, साहेबाचा कोप. दुसरीकडे ही ओलीचिंब उभी असलेली आई. त्याने आठवून पाहिलं. बाराची तोफ उडवली तेव्हा बंदरात एकही मोठी बोट नव्हती. चुकीच्या तोफेवर घड्याळ लावून फसणारं आज तरी कोणी नव्हतं.

"एकच बार आसा," तो म्हणाला. "वाया जाता नये. कधी उडवू, ता तू सांग."

वारा जमिनीवरून सुटेपर्यंत थांबायला हवं, हे दोघांनाही कळत होतं. नाहीतर आवाज उलटा गावातच यायचा. रायाजीने दारू ठासली. तोफेच्या कानावर, बत्ती देतात त्या भोकावर, पाणी पडू नये म्हणून आवडाबायने डोक्यावरचं इरलं काढून त्यावर धरलं आणि स्वतः पावसात उभी राहिली. वारा घोंघावला, पडला, पुन्हा फिरला. पाठीवर गार झुळूक आली तशी ती ओरडली, "आता!"

रायाजीने वेतोबाच्या दिशेने हात जोडले आणि बत्ती दिली.

आवाज विरायच्या आत बायका टेकडी उतरून घराघरांत शिरल्या, हाताला लागल्या त्या थाळ्या घेऊन खडपाच्या टोकाशी गेल्या आणि बडवू लागल्या. तोफेने दिशा दिली, थाळ्यांनी वाट. पावसाच्या पडद्यातून एका होडीचं टोक पुढे आलं, मग दुसरीचं. होड्या एकामागून एक दातऱ्यातून आत येऊ लागल्या. फक्त आवडाबायच्या मुलांची होडी अजून दिसत नव्हती.

तेवढ्यात घोड्यावरून साहेब आला. भिजलेला, संतापलेला, हातात उघडं घड्याळ. "अवेळी तोफ का उडाली?" तो गरजला. आवडाबायचे डोळे समुद्राकडे होते. हातातली थाळी बडवायची न थांबवता ती म्हणाली, "अवेळी कित्याक, सायबा? जेवची येळ झाली. ह्यो थाळ्यो बघूक नाय?"

खरं काय ते पाहायला साहेब मागे वळला, गावाकडे निघाला. पण आमच्या बाजारात बातमी घोड्यापेक्षा आधी पोचते. जो गाव पालखी कोणत्या आळीतून न्यायची यावर पिढ्यान् पिढ्या भांडतो, तो त्या दिवशी एका खोट्यासाठी एकमताने पंगतीला बसला. विझल्या चुली फुंकल्या गेल्या. तडस लागेस्तोवर जेवलेले कारकून पुन्हा पाटावर आले. भटजींनीसुद्धा दुसऱ्यांदा आपोष्णी घेतली, म्हणे. साहेब जाईल त्या ओटीवर पंगत, आणि प्रत्येक पंगतीतून एकच उत्तर: "तोफ झाली, साहेब. दुपारच आहे." साहेबाने घड्याळ कानाला लावलं, हलवून पाहिलं आणि तो पुन्हा किनाऱ्यावर आला.

रायाजी आपणहून खाली उतरून तिथे उभा होता. साहेब त्याच्यापुढे थांबला. "तू शपथ घेतलेला माणूस. तू सांग, किती वाजले?"

रायाजीला खोटं बोलायला जमत नव्हतं, आणि खरं बोललं तर गाव तोंडघशी पडत होता. इतक्यात दातऱ्याच्या फटीतून एक होडी आडवी-तिडवी होत आत शिरली. आवडाबायने थाळी टाकली आणि ती कमरेएवढ्या पाण्यात धावली. दोन्ही मुलगे तिच्या गळ्यात पडले. ती रडत होती आणि रडता रडता त्यांना शिव्या घालत होती.

रायाजीने ते पाहिलं आणि मान वर केली. "सायब, घड्याळाचा माका इचारू नका. आमच्यात भायर गेलली माणसा घरी इली की जेवची येळ झाली. आज ती आत्ता इली."

साहेबाने पाण्यातल्या त्या मायलेकरांकडे पाहिलं. मग त्याने घड्याळ मिटून खिशात टाकलं, घोड्यावरून उतरला आणि म्हणाला, "मग मीही जेवायचा आहे." आवडाबायने त्याला पोचे पडलेल्या थाळीत बांगड्याचं कालवण वाढलं. त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते नुसत्या तिखटाने की आणखी कशाने, यावर इथे दोन पक्ष आहेत. त्या आधी पहिला बांगडा मात्र तिने रायाजीच्या पानात टाकला होता. "तुझ्या तोफेन माशे पळतत," ती म्हणाली, "ता काय खोटा न्हय. पण पळांदेत मेले!" दुसऱ्या दिवशीच्या बाराची दारू साहेबाने स्वतः टेकडीवर आणून दिली, असं सांगतात.

तोफ गप्प होऊन आता कितीतरी वर्षं झाली. आजही त्या बुधवारी बायका खडपाच्या टोकाशी थाळ्या वाजवतात, पण घरी येऊन लगेच वाढत नाहीत. आधी घरातली माणसं मोजतात. कोणाचा मुलगा आखातात बोटीवर असतो, कोणाची मुलगी दूर कुठे इस्पितळात नोकरीला. त्यांचा फोन येतो, "बरा आसय गे, जेवा तुमी." मग भाताचं पातेलं उघडतं. तोवर कधी ऊन असतं, कधी दिवे लागलेले असतात, आणि त्याला हर्णखोलात दुपारच म्हणतात.