हत्तीचं मशीन सशिणीच्या अंगणात

एका जंगलाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे, एक सशीण राहत असे. कामाला अगदी वाघीण. पण शेजारीपाजारी काय नवीन आलं, इकडे तिचे कान सदा टवकारलेले. आणि ते कान केवढे असतात, हे मी तुम्हाला सांगायला नको! तिचं घर मातीचं, शेणानं सारवलेलं. दारात गाजरं वाहायची छोटी तीनचाकी गाडी. वळचणीला एका पाकोळीनं चिखलाचं घरटं बांधलं होतं आणि त्यात तिची दोन पिल्लं होती, अजून पंख न फुटलेली. पाकोळी किडे आणायला निघाली की रोज म्हणे, "ताई, लक्ष असू द्या हं." सशीण म्हणे, "जा गं निर्धास्त. मी आहे ना!"

त्या जंगलात खंडेनवमीला गाड्यांची आणि अवजारांची पूजा होई, आणि त्याच्या आदल्या दिवशी जो तो आपलं घर, आपली गाडी घासूनपुसून लख्ख करी. त्या वर्षी हत्तीनं नवीनच टूम काढली. त्यानं प्रेशर वॉशर आणला. नळीतून पाणी असं जोरात सुटलं की त्याच्या दगडी अंगणावरचं वर्षानुवर्षांचं शेवाळ घटकाभरात निघालं. सशिणीनं कुंपणावरून ते पाहिलं आणि झालं! हातातली चिंधी बादलीत टाकून ती तडक अस्वलाच्या दुकानात गेली.

अस्वल म्हणालं, "या ताई. काय काय धुवायचंय?"

"ते माझं मी बघेन. हत्तीदादांनी नेलं ना, तेच द्या."

"अहो, पण घराची भिंत कसली आहे? पाणी किती साठवता? यात लहान मशीनही येतं..."

"लहान कशाला? आम्ही काय कमी आहोत कुणापेक्षा?"

अस्वलानं कपाळाला हात लावला. त्यानं मोठं इंजिनवालं मशीन ढकलत तिच्या दारात आणून दिलं. देवानं एवढे मोठे कान दिले, पण ऐकायच्या वेळी बाईंनी ते मिटून घेतले.

घरी येताच सशिणीनं नळी पिंपात सोडली आणि पाण्याची धार गाडीवर धरली. धूळ गेली, आणि तिच्याबरोबर हिरवा रंगही पोपडे उडून गेला. शहाण्यानं इथं थांबावं की नाही? पण नाही! "जुनाच होता मेला रंग," असं म्हणत तिनं धार भिंतीकडे वळवली. भिंतीची माती भसाभस वाहू लागली. त्यात सशिणीचं वजन ते केवढंसं! पाण्याच्या जोरानं ती मागं रेटली गेली, हातातली दांडी उसळली आणि धार सरळ वर, वळचणीकडे गेली. घाबरून तिनं खटका सोडायचा, तर उलट आणखीच घट्ट आवळला.

तेवढ्यात चोचीत किडा घेऊन पाकोळी परतली. "ताई! अहो, माझी पिल्लं!" ती जीव तोडून ओरडत होती, पण इंजिनाच्या धडधडीत कुणाला काय ऐकू येणार? घरट्याचा एक तुकडा निसटून खाली पडला. मग दुसरा. सशिणीनं ते पाहिलं आणि तिच्या काळजाचं पाणी झालं.

आणि तेवढ्यात... फुस्स्! धार तुटली. पिंप कोरडं ठणठणीत! मशीन हत्तीचं, त्याची तहानही हत्तीची. आणि पिंप मात्र सशिणीचं. दोन मिनिटांतच सगळं पाणी संपलं होतं.

दांडी फेकून सशीण शिडीवर चढली. उरलेल्या अर्ध्या घरट्यात दोन्ही पिल्लं ओलीचिंब होऊन एकमेकांना बिलगली होती. तिला पाहताच दोघांनी भल्या मोठ्या चोची उघडल्या. भूक लागली होती त्यांना! "आहेत गं बाई, आहेत! दोघंही आहेत!" सशीण रडतही होती आणि हसतही होती. पाकोळीनं आधी पिल्लांना किडा भरवला आणि मगच सशिणीकडे पाहिलं. "चुकलं गं माझं," सशीण म्हणाली. "पुन्हा नाही."

ती मशीन घेऊन दुकानात परत गेली. अस्वलानं शांतपणे पुन्हा तेच विचारलं, "काय काय धुवायचंय, ताई?" या वेळी तिनं सगळं सांगितलं: गाडी केवढी, पिंप केवढं, भिंत कसली, वळचणीला कोण राहतं. अस्वलानं मोठं मशीन ठेवून घेतलं आणि एक लहानसं, पसरट फवाऱ्याचं मशीन दिलं. "हे गाडीपुरतं. मातीची भिंत धुवायची नसते, सारवायची असते."

संध्याकाळी सशीण भिंत सारवत बसली. भिंतीवरून वाहून आलेला चिखल अंगणात तयारच होता. त्यातलेच गोळे चोचीत उचलून पाकोळीनं घरटं पुन्हा बांधून काढलं.

दसऱ्याला हत्ती आपट्याची पानं घेऊन आला. झेंडूची माळ घातलेल्या गाडीशेजारी ते मशीन पाहून हसला. "का गं, एवढंसंच घेतलंस?"

सशीणही हसली. "दादा, माझी गाडीही एवढीशीच आहे." आणि आपट्याची दोन पानं तिनं हळूच वर घरट्यात ठेवली.

तात्पर्य : वस्तू घेताना शेजाऱ्याच्या अंगणात डोकावू नये, आधी आपली भिंत पाहावी, आणि तिच्या आधारानं कोण राहतं तेही पाहावं.