एका नजरेचा पारखी

राज्य कुठलं ते विचारू नका, राजाचं नावही मला ठाऊक नाही. पण फार फार वर्षांपूर्वी तिथल्या टांकसाळीच्या दारात एक म्हातारा पारखी बसायचा. खोटं, झिजलेलं, काठ गेलेलं कसलंही नाणं सापडलं, की ते त्याच्यापुढे यायचं.

त्या राज्याचा कायदा मोठा कडक. चांदीची चकती मुळातच अपुरी कापली गेली असेल, तर चूक टांकसाळीची. नाणं बदलून मिळे. पण ठसा उठल्यावर कुणी काठाची चांदी कातरून घेतली असेल, तर ज्याच्या हाती नाणं सापडे त्याला नदीपार हाकलून देत. ओळखायची खूण सोपी होती. चकती अपुरी असली, तर हातोडा पडताना तिथली अक्षरं पसरट होऊन विरत जातात. मागाहून कातरलं असेल, तर अक्षर मधेच सपकन तुटतं.

म्हाताऱ्याला सगळे 'एका नजरेचा पारखी' म्हणत. दुसऱ्यांदा नाणं उचलायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती, आणि याचा त्याला कोण अभिमान! पण अलीकडे त्याची नजर अधू झाली होती. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एके दिवशी शिपायांनी बाजारातून एका कुंभारणीला धरून आणलं. तिच्याजवळच्या नाण्याचा काठ नखभर गेलेला होता.

"बाबा, देवाशपथ सांगते, मडकी विकली तेव्हा मला हे असंच मिळालं," ती रडत म्हणाली. "घरी सासू आंधळी आहे. मला घालवलंत तर तिला घास कोण भरवणार? एकदा नीट बघा हो!"

पारख्याने नाणं डोळ्यांशी नेलं. अक्षरं धुकट दिसत होती. अरे, नखाने चाचपलं असतं तरी कळलं असतं! शेजारच्या कारकुनाला "तू बघ रे जरा" म्हटलं असतं, तर काय बिघडलं असतं? पण भोवती माणसं जमली होती, आणि सगळी त्याच्या तोंडाकडे पाहत होती.

"कातरलेलं आहे," तो म्हणाला.

दिवस मावळायच्या आत तिला नदीपार सोडलं.

पंधरा दिवसांनी टांकसाळीतून नव्या नाण्यांची थैली आली. अजून कुणाच्या हातीही न लागलेली नाणी, पण त्यांतल्या सातांचा काठ तसाच गेलेला. पुरावा म्हणून ठेवलेलं कुंभारणीचं नाणं म्हाताऱ्याने मागवलं आणि काठावरून नख फिरवलं. अक्षरं पसरट होत विरत गेली होती.

धडपडत तो तिच्या घरी गेला.

"म्हातारीला जाऊन आठवडा झाला," शेजारीण म्हणाली. "आम्ही भरवायला गेलो, तर तोंडच उघडेना. सुनेला हाका मारत गेली बिचारी."

नदीपार माणसं धाडली. कुंभारीण कुठेच सापडली नाही.

राजाने पारख्याला माफ केलं. "वय झालं की चूक होते," तो म्हणाला.

"वयाने नाही, महाराज," म्हातारा म्हणाला. "मला दिसत नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटली." मग तो जगला तेवढे दिवस कुणी त्याच्या हातात नाणं दिलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

बोध: दोष मुळातला की मागाहून पडलेला हे कळत नसेल, तर 'कळत नाही' म्हणावं, आपला मान राखायला दुसऱ्याचं घर मोडू नये.