अप्पांचं पथ्य

नदीच्या घाटावर दहाव्याचं ऊन डोक्यावर आलं, तरी अप्पांच्या पिंडाला कावळा शिवेना. पानात सोयाबीनचा टोफू होता, सोयादुधाची खीर होती, सगळं अळणी. अप्पांचा मुलगा विश्वंभर शहरातला नावाजलेला आहारतज्ज्ञ. रक्तदाब वाढला म्हणून त्यानं बापाला वर्षभर हेच खाऊ घातलं होतं, आणि आज घाटावरही तो लोकांना त्यातल्या प्रथिनांचं माहात्म्य ऐकवत होता.

"अप्पा, तुमच्या नावानं सोया-केंद्र काढीन," त्यानं हात जोडले. कावळे फांदीवरून हलले नाहीत.

स्वयंपाकीण सोजरबाई मागं बसली होती. गेल्या महिन्यात शेतात सोयाबीनच्या शेंगा भरल्या, तेव्हा अप्पा तिला म्हणाले होते, "सोजर, मिठात उकडलेल्या चार शेंगा दे गं." विश्वंभरसाहेबांच्या धाकानं तिनं दिल्या नव्हत्या. आता तिनं पदराआडची पुरचुंडी सोडली आणि उकडलेल्या हिरव्या शेंगा पिंडाजवळ ठेवल्या.

"हे काय?" विश्वंभर खेकसला.

"सोयाबीनच हाय, साहेब. तुमच्या शब्दाबाहेर न्हाई."

शेंगांवर मिठाचे कण चमकत होते. "अगं, अप्पांना मीठ बंद होतं ना?"

"व्हतं. पर साहेब, अप्पांचं पथ्य दहा दिसांमागंच सुटलं."

विश्वंभरची मान खाली गेली. तेवढ्यात एक कावळा झपकन उतरला आणि शेंग घेऊन उडाला.

माणसं सुटकेचा निःश्वास टाकून घराकडं निघाली. सोजरबाई तिथंच बसून राहिली. हेच धाडस महिनाभर आधी केलं असतं, तर त्या शेंगा अप्पांनीच खाल्ल्या असत्या.