खुंटीवरचा सदरा

“...आणि वास? वास कशाने चिकटवायचा, सर?”

हळबे सर ओसरीवर बसून भिजलेले वाल सोलत होते. हात थांबला नाही.

“कसला वास?”

“माणसाचा.”

सरांनी सोललेला दाणा टोपात टाकला. दुसरा उचलला.

“डिंकाचं विचारलंस, खळीचं विचारलंस, मेणाचं विचारलंस,” ते म्हणाले. “सगळं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मग एवढा घाट चढून कशाला आलीस?”

कालिंदीने टोपातला एक दाणा उचलला, परत टाकला.

कालिंदी कुबल हे नाव एव्हाना पुष्कळांच्या ओळखीचं झालं होतं. ती नुसत्या रंगांनी चित्रं काढत नसे. कापड, कागद, गंजलेला पत्रा, मेण, माती, केस, दोरा, जे हाताला लागेल ते एका फळीवर आणून बसवायची आणि त्याला बोलतं करायची. धरणात बुडणाऱ्या एका गावातून तिने दारांच्या चौकटी उचलून आणल्या होत्या आणि त्यांवर त्याच गावातल्या बायकांची जुनी लुगडी ताणून बसवली होती. त्या कामापुढे उभी राहून परक्या मुलखातली माणसं रडली. तिची भाषा त्यांना येत नव्हती, गावाचं नाव उच्चारता येत नव्हतं. तरी रडली.

हळबे सर एकेकाळी तिला चित्रकला शिकवत. पुढे एक दिवस त्यांनी शहरातली खोली मोकळी केली, ब्रश ज्याला हवे त्याला देऊन टाकले आणि घाटमाथ्यावरच्या या मठात येऊन राहिले. कुणा अवलियाची समाधी, एक विहीर, मागे भाजीचा वाफा. सकाळ-संध्याकाळ दिवा लावायचा, पाणी शेंदायचं. आसपासचे लोक त्यांना बुवा म्हणत. कालिंदी अजून सर म्हणायची.

काल संध्याकाळच्या एसटीने ती आली होती. सरांनी ‘का आलीस’ विचारलं नव्हतं. भात वाढला होता, घोंगडी दिली होती. आज पौषातली सकाळ, दरीतून धुकं वर येत होतं, आणि तिच्या मांडीवर मलमलीत गुंडाळलेलं एक बोचकं होतं. झोपतानाही ते तिने उशाशी घेतलं होतं.

“सर, लोक मला विचारतात, तुमची प्रेरणा काय?”

“काय सांगतेस?”

“सांगते, हरवलेल्या गोष्टी.”

“खोटं?”

“नाही. पण... पाठ झालंय आता.”

सर पहिल्यांदा हसले. अगदी थोडं.

“ती लुगडी तूच कापलीस?”

“हो. बायकांनी आपण होऊन दिली होती. एकीने तर लग्नातलं दिलं. घडी मोडतानाच रडली बिचारी.”

“कापताना तुझा हात थरथरला?”

कालिंदीने आठवून पाहिलं.

“नाही.”

“का?”

“माझं नव्हतं ते...”

बोलून गेल्यावर तिलाच आपले शब्द ऐकू आले. तिने मान खाली घातली. सर वाल सोलत राहिले.

वाल संपल्यावर त्यांनी हात झटकले आणि बोचक्याकडे पाहिलं.

“हे तुझं आहे.”

“दादाचा सदरा आहे.”

मग तिने सांगितलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं असं नाही, मुलाखतींतून थोडंथोडं सांगितलं होतं; पण तिथे ती गोष्ट सांगत असे. इथे ती अडखळली.

जयराम तिचा थोरला भाऊ. वडिलांशी त्याचं पटत नसे. वडिलांना वाटे त्याने घरची होडी सांभाळावी, त्याला मोठ्या बोटीवर जायचं होतं. एका दुपारी ताटावरच बोलाचाली झाली. दादा उठला, अंगातला सदरा काढून खुंटीला अडकवला, दुसरा चढवला, चपला पायांत सरकवल्या. दारात कालिंदी सागरगोटे खेळत होती. तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “येतो गं.”

“आमच्याकडे जातो म्हणत नाहीत ना, सर. माणूस कुठेही निघाला तरी येतो म्हणूनच निघतो.”

“मग?”

“मग काही नाही. आला नाही. कुठल्या बोटीवर चढला, चढला की नाही, कुणालाच कळलं नाही. बाबा बंदरोबंदर हिंडले. आईने तो सदरा खुंटीवरून काढू दिला नाही. धुवूही दिला नाही. घराला चुना द्यायचा झाला तर खुंटीभोवतीची भिंत तेवढी सोडायची. बाबा गेले, आई गेली, चुलत्यांनी घर घेतलं... मी सदरा घेऊन आले.”

सरांनी टोपावर झाकण ठेवलं.

“आता माझं मोठं प्रदर्शन आहे. सगळी कामं तयार आहेत. मधली भिंत रिकामी ठेवलीय, याच्यासाठी. चौकट करून घेतली, मेण वितळवलं, कात्री हातात घेतली. कितीदा घेतली! सर, हा सदरा कापला तर...”

“तर?”

“तर तो मेला.”

धुक्यात कुठेतरी रानकोंबडा ओरडला.

“आणि नाही कापला,” ती म्हणाली, “तर मी कसली कलावंत? लोकांच्या आयांची लुगडी फाडली मी. स्वतःचं आलं की हात आखडता? तेवढं एक सांगा, सर. कापू की नको?”

 सर उठले, विहिरीवर गेले, हात धुतले, पंच्याला पुसले. परत येऊन तिच्यासमोर दोन्ही हात पसरले.

“दाखव.”

तिने मलमल सोडली. निळ्या रेघांचा, जाड सुती सदरा. गळपट्टीवर काळपट मळ. खुंटीवर लोंबून लोंबून गळपट्टीमागे वर आलेलं टोक अजून तसंच होतं. तिने तो देवाच्या प्रसादासारखा ओंजळीत धरून दिला. तिला वाटलं, सर आता सुताचा पोत बघतील. कदाचित नाकाशी नेतील.

सरांनी सदरा झटकला, एक हात एका बाहीत घातला, दुसरा दुसरीत घातला आणि डोकं आत सारलं.

“सर!”

ती किंचाळलीच. धावून तिने सदऱ्याचा घेर धरला.

“काढा! सर, काढा तो! काय करताय हे?”

“थंडी आहे.”

“तुमच्या अंगाला धुराचा वास आहे! त्याचा वास जाईल ना!”

“आहे?”

“काय?”

“वास. त्याचा.”

कालिंदीने घेर सोडला नाही.  समोर म्हाताऱ्या माणसाचा चेहरा होता, त्यावर ना थट्टा होती, ना दया.

“...नाही,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“आई होती तेव्हापासूनच. मी एकदा बघितलं तर नुसता भिंतीचा वास. चुन्याचा. आईला सांगितलं नाही मी. आई रोज संध्याकाळी त्यात तोंड घालायची, म्हणायची, बघ गं, आत्ता काढून ठेवल्यासारखा वाटतो. मी म्हणायचे, हो गं, तसाच येतो.”

“तिला येत होता?”

कालिंदीने बोटांतलं कापड सोडलं.

“नसेल,” ती हळूच म्हणाली. “तीही मला सांगत नसेल.”

 सर पायऱ्या उतरून वाफ्याकडे चालू लागले. कालवणात घालायला वांगी खुडायची होती.

कालिंदी ओसरीवर उभी होती.  निघून जावं, सदरा ओढून घ्यावा आणि पहिल्या एसटीने निघून जावं... एवढ्यात धुकं थोडं विरलं आणि वाफ्याकडे जाणारी पाठ तिला दिसली.

निळ्या रेघा हलत होत्या.

जन्मभर तिने तो सदरा सरळ लोंबताना पाहिला होता. तिच्या आठवणीतही तो लोंबतच असे. आता त्यात पाठ होती. खांदे खालीवर होत होते. एक कोपर वाकलं, कापडाला तिथे घड्या पडल्या, हात सरळ झाला, घड्या गेल्या. दरीतला वारा आला आणि सदऱ्याच्या आत शिरून फुगला, जसा चालणाऱ्या माणसाच्या अंगावर फुगतो.

“दादा!”

तिने मारली नव्हती ती हाक. तिच्या तोंडून गेली.

सर थांबले. त्यांनी ओ दिली नाही, वळूनही पाहिलं नाही. वाफ्याच्या कडेला पाठ तशीच ठेवून ते उभे राहिले.

कालिंदी पायऱ्या उतरली. चार हातांवर येऊन थबकली. पुढे गेलं तर चेहरा दिसला असता, आणि तो तिला बघायचा नव्हता.

“येतो म्हणालास,” ती पाठीला म्हणाली.

पाठ स्तब्ध होती.

“येतो म्हणून गेलास ना रे... बाबा तुझ्यासाठी दारात कंदील ठेवायचे. स्वतः कधी बोलले नाहीत, पण ठेवायचे. आई शेवटी शेवटी मलाच जयराम म्हणायची. मी ओ द्यायचे. तुझ्या वाटची ओ मी दिली...”

तिचा आवाज चिरकला. लहान मुलीचा झाला.

“मी मोठी झाले, दादा. तू गेलास तेव्हा होतास त्याच्याहून मोठी झाले. आता समोर आलास तर कोणी म्हणेल हा हिचा मुलगा. माझे केस पिकले रे. आणि तू तेवढाच...”

ती मातीत बसली आणि रडू लागली. आईच्या वेळी ती रडली नव्हती. तेव्हा आईची नऊवारी घेऊन कामाच्या खोलीत गेली होती आणि त्या आठवड्यात तिने आपलं सगळ्यात नावाजलेलं काम केलं होतं.

सर उभे राहिले. तिचं रडणं ओसरेपर्यंत उभे राहिले. मग वाकले, वांगी खुडली, ओच्यात घेतली आणि तिच्या बाजूने वर निघून गेले. जाताना सदऱ्याचा घेर तिच्या डोक्याला लागून गेला.

ती आली तेव्हा सर ओसरीच्या कोपऱ्यातल्या चुलीपाशी विळी घेऊन बसले होते. वांगी चिरायची होती, पण सदरा उंच माणसाचा. बाह्या बोटांच्याही पुढे येत होत्या. सर वांगं धरत, बाही पात्याकडे सरके, सर हात मागे घेत. पुन्हा धरत, पुन्हा सरके.

कालिंदी समोर बसली. डोळे सुजले होते. तिची पिशवी ओसरीवर तशीच पडली होती, त्यातून कात्री बाहेर आली होती. सरांनी ती पायाने तिच्याकडे सारली आणि उजवा हात पुढे केला. बाही लोंबत होती.

“काप.”

तिने कात्री उचलली. लांबट, धारदार, तिच्या सरावाची. अंगठा आणि बोटं आपोआप कड्यांत गेली. पात्यांमध्ये निळी रेघ आली...

बाहीच्या आत सरांची बोटं होती. ती किंचित हलली.

कालिंदीने कात्री खाली ठेवली. सरांचं मनगट मांडीवर घेतलं, बाहीचं टोक चिमटीत धरलं आणि एक घडी वर दुमडली. तळव्याने चपटी केली. दुसरी दुमडली. चपटी केली. कड कडेवर नीट बसली की नाही ते बघितलं.

आणि तिचे हात थबकले.

दादा होडीवरून यायचा, हात-पाय धुऊन पाटावर बसायचा. ओल्या हातांनी त्याला बाह्या वर करता येत नसत. तो हात पुढे करायचा आणि म्हणायचा, “कालिंदे, बाही.” ती सागरगोटे टाकून धावत यायची. घडी वाकडी झाली तर तो मुद्दाम नाक मुरडायचा, आणि ती सोडून पुन्हा घालायची. रोजचं होतं ते. ती दारातली टपली तिने जपून ठेवली होती, ‘येतो गं’ जपून ठेवलं होतं, खुंटीवरचा सदरा जपून ठेवला होता. हे कुठे होतं इतकी वर्षं? हे तिला एकदाही आठवलं नव्हतं. बोटांना माहीत होतं.

तिने तिसरी घडी घातली. बाही कोपरापर्यंत गेली. खाली म्हाताऱ्या माणसाचा सुरकुतलेला, शिरा वर आलेला हात होता. उबदार होता.

ती तो धरून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आता त्याला आवाज नव्हता.

चुलीवर वालांना कढ आला होता.

“सर...” तिने विचारलं, “मधल्या भिंतीवर मग काय लावू?”

सरांनी डावा हात पुढे केला.

“दुसरी बाही राहिलीय.”