बसने दिलेली शिट्टी

रस्ते अजून दुपदरी होते तेव्हाची ही गोष्ट. डेपोतून निवृत्त झालेली एक बस होती. दिगंबरकाका आणि कुमुदकाकूंनी तिच्यातली बाकं काढून पलंग टाकला, ओटा बांधला आणि तिचंच घर करून दोघं देश बघायला निघाली.

बस सुखात होती, पण तिच्या रेडिएटरमधून पाणी गळू लागलं होतं. मुक्कामाला ती हटकून ओल्या जागी थांबायची, म्हणजे गळती कुणाला दिसू नये.

"अगं, सांगत का नाहीस?" ओट्यावरच्या कुकरने विचारलं.

"डेपोत जी सारखी बंद पडायची, ती भंगारात जायची," बस म्हणाली. "आणि बंद पडणारं घर कोण ठेवेल?"

"मी रोज तापतो. शिट्टी देतो, मग काकू येऊन गॅस बारीक करतात. मला अजून कुणी टाकलेलं नाही. गप्प बसलो असतो तर मात्र फुटलो असतो."

दुपारी समोर घाट दिसला. तो चढ तिला झेपणार नव्हता, आणि आत दोघं होती. पायथ्याशीच तिने कोंडलेली सगळी वाफ शिट्टीसारखी सोडून दिली आणि ती तिथेच उभी राहिली.

काकांनी चाकामागे दगड लावला, बॉनेट उघडलं. "बरं केलंस बाई," ते हळूच म्हणाले, "घाटाच्या आधी सांगितलंस."

"निवांत गार होऊ द्या तिला," काकू तांदूळ धुता धुता म्हणाल्या. "आपल्याला कुठं घरी पोचायचंय?"